अनुभव धागा : कमी बजेटचा गेमिंग पीसी कोल्हापुरात जोडताना

बारावीचा निकाल लागला की ‘गेमिंग पीसी कितीत बसंल?’ ही विचारणा सुरू होते. दुकानांची नावं नकोत. नुसतं ‘आमच्याकडं मस्त चालतंय’ही नको. कोणता पार्ट, तोच का आणि कुठं फसतं, एवढं नेमकं लिहा. सुरुवातीला एक ठोकताळा देतो : मॉनिटर सोडून जी रक्कम असेल, तिच्यातला ४० टक्क्यांच्या आसपास वाटा ग्राफिक कार्डाचा. बाकीचे पार्ट त्या कार्डाला अडवणार नाहीत इतपत घ्यायचे. एसएमपीएसवर, म्हणजे सगळ्या पार्टांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, मात्र काटकसर नको. खाली ज्यानं त्यानं नावाऐवजी कोल्हापुरातला आपला भाग लिहिलाय.

उद्यमनगर

एसएमपीएसचंच आधी सांगतो. कॅबिनेटबरोबर येणाऱ्या ‘४५० वॅट’च्या डब्याचं स्टिकर वाचा. मोठा आकडा सोडा, १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा. तिथं १६ असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही त्याच १२ व्होल्टवर चालतात. आरएक्स ६६०० हे ग्राफिक कार्ड एकटं १३२ वॅट मागतं, रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर पूर्ण लोडला ७५ च्या आसपास. बेरीज दोनशेच्या वर गेली. मग गेम सुरू झाला की थोड्या वेळात मशीन एकदम रीस्टार्ट होतं, डेस्कटॉपवर मात्र काहीच त्रास नाही. लोक विंडोज परत परत टाकत बसतात आणि दोष तसाच राहतो.

चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा ‘८० प्लस ब्राँझ’ एसएमपीएस, १२ व्होल्टवर ४० अँपिअरच्या वर, एवढं पुरे. ‘८० प्लस’ म्हणजे वीज किती वाया जात नाही याचा शिक्का. ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटचं संरक्षण आहे का, ते वेगळं तपासायचं.

आमच्या भागासाठी आणखी एक. लेथ आणि ग्राइंडरची लोखंडी धूळ वीजवाहक असते, मदरबोर्डावर बसली तर शॉर्ट करते. जाळीचं कॅबिनेट घ्याच, पण पुढं निघणारा फिल्टर हवा. ब्लोअर मारताना फॅनची पाती धरून ठेवा.

शाहूपुरी

प्रोसेसर : ५६००, ५५०० आणि ५६००जी एकसारखे वाटतात, पण नाहीत. ५६०० ला ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) आणि पीसीआयई ४.० (कार्ड जोडायचा रस्ता, आकडा मोठा तितका वेगवान), बाकी दोघांना १६ एमबी आणि ३.०. हे महत्त्वाचं का, तर काही स्वस्त कार्डं त्या रस्त्याच्या १६ पैकी अर्ध्या-पाव लेनवर चालतात. आरएक्स ६६०० ला ८ लेन, ती ३.० वरही फारशी अडत नाही. आरएक्स ६५०० एक्सटीला फक्त ४ लेन आणि ४ जीबी मेमरी, ३.० च्या बोर्डात टाकलं की फ्रेम धडाधड पडतात. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर (रेकॉर्डिंग करणारा भाग) नाही, म्हणजे रेकॉर्डिंगचा सगळा भार प्रोसेसरवर. नवं असलं तरी मी ते कुणाला घ्यायला सांगणार नाही.

बी४५० आणि ए५२० बोर्ड ३.० चे, बी५५० चा ग्राफिक स्लॉट ४.०. जुन्या साठ्यातला बी४५० घेताना बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) रायझन ५००० मालिकेसाठी अपडेट आहे का, हे दुकानातच चालू करून बघा. नसेल तर घरी स्क्रीन काळीच.

रंकाळा

आधी ५६००जी घेतला आणि कार्ड वर्षभरानं टाकलं तर चालेल का?

कळंबा

चालेल, पण रॅम ८-८ जीबीच्या दोन पट्ट्याच घ्या. ५६००जी मध्येच असलेलं ग्राफिक रॅमचीच बँडविड्थ (माहिती वाहायची क्षमता) वापरतं. १६ ची एकच पट्टी लावली की बँडविड्थ निम्मी होते. चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट. मग बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगावर पळवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर पळत राहते. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर वेग दिसतो.

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, तेव्हा जुनी डीडीआर४ वाईट नाही. मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर लावा. एक जरी एरर आली तरी पट्टी परत.

राजारामपुरी

जुन्या कार्डाबद्दल. नव्यासारखं पॅक केलेलं स्वस्त आरएक्स ५८० बरेचदा ‘२०४८एसपी’ असतं. खऱ्या ५८० ला २३०४ शेडर (चित्राचं गणित करणारे छोटे भाग). २०४८ वालं म्हणजे वेगळ्या नावानं ५७०. जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडून शेडरचा आकडा वाचा. बायोस बदलून भलत्याच नावानं विकलेलं एनव्हिडियाचं कार्ड असेल तर बरेचदा तिथं नावाआधी ‘फेक’ असं दिसतं. फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारी चाचणी) पंधरा मिनिटं लावा. ठिपके, रेघा दिसल्या की विषय संपला. हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) कार्डाच्या मूळ तापमानाच्या २५-३० अंश वर पळत असेल तर चिप आणि कूलरमधली पेस्ट वाळलीय. ती बदलता येते, भाव त्या हिशेबानं करा.

ऑफिसातनं निघालेले इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीच्या प्रोसेसरचे ब्रँडेड पीसी टाळलेले बरे. बऱ्याच पीसींत एसएमपीएसचा कनेक्टर कंपनीचा स्वतःचा, बदलता येत नाही. विंडोज ११ त्यांना अधिकृतपणे नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंट हा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (बोर्डातल्या दोन सुरक्षा सोयी) मागतो, हेही ध्यानात असू द्या.

बिल जीएसटीचं, त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर. वॉरंटीचा माल इथंच बदलून मिळतो की पुण्या-मुंबईला जातो, आणि कुरिअर कुणाच्या खर्चानं, हे पैसे देण्याआधी विचारा.

नागाळा पार्क

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात म्हणजे अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमुळं अर्थ न मिळालेल्या पत्र्यावर साधारण निम्मा व्होल्टेज येतो. वायरमनकडून मीटरनं मोजून घ्या : फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात वाळतो, पाणी घालत जा.

वळवाच्या वाऱ्यात वीज जाते तेव्हा ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे जेमतेम ३६० वॅट. बॅटरी जुनी झाली की गेमच्या लोडवर तो लगेच बसतो. ११०० व्हीएचा घ्या आणि त्यावर फक्त पीसी आणि मॉनिटर ठेवा.

तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला टेकली की कॅबिनेट माळ्यावर न्यायचं, ४३ च्या धोका पातळीची वाट बघायची नाही. भिजलेला एसएमपीएस वाळवून पुन्हा लावू नका.

कसबा बावडा

जोडणीतल्या तीन गोष्टी. एएम४ (वरच्या रायझन प्रोसेसरचं सॉकेट) चा कूलर सरळ वर ओढू नका, पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. आधी गेम चालवून गरम करा, मशीन बंद करून कूलर थोडा फिरवा, मग उचला. प्रोसेसरची ८ पिन आणि कार्डाची ८ पिन वेगळी असते, बसत नाही म्हणून रेटू नका. आणि मॉनिटरची वायर बोर्डाला नाही, कार्डाला. १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ स्वतः निवडावं लागतं, तो बरेचदा ६० वरच असतो.