गेमचा सोर्स खुला करावा, की फक्त मॉडिंगची साधने द्यावीत?

पाटीपेन्सिल
गोडो ४ या गेम इंजिनमध्ये बनवलेला माझा टर्न-बेस्ड (आळीपाळीने चाल खेळायचा) गेम स्टीम या ऑनलाइन दुकानात विक्रीला आहे. खेळणारे नवे नकाशे आणि युनिट मागताहेत. एकतर सगळा कोड जीपीएलखाली (बदललेली आवृत्ती वाटणाऱ्यालाही कोड द्यायला लावणारा खुला परवाना) द्यायचा, नाहीतर कोड बंद ठेवून एडिटर आणि मॉड लोडर, म्हणजे खेळणाऱ्यांनी केलेले बदल (मॉड) गेममध्ये आणणारा भाग, द्यायचा. कोड दिला तर विक्री बसेल का? आणि मॉडमधून कुणी खेळणाऱ्याच्या मशीनवर भलतेच काही चालवले तर?

सह्यकडा
विक्रीची धास्ती घेऊ नका. इड सॉफ्टवेअर या कंपनीने डिसेंबर १९९७ मध्ये आपल्या डूम या गेमचा कोड दिला, पण नकाशे, चित्रे आणि आवाज असलेल्या वॅड फायली दिल्या नाहीत. मूळ गेम पूर्ण खेळायचा तर त्या आजही विकतच घ्याव्या लागतात. हे जमले, कारण १९९३ पासूनच डूमचा डेटा कोडपासून वेगळा होता.

तुमच्याकडे तसे आहे का, ते आधी बघा. युनिटची ताकद, किंमत, वेग हे आकडे स्क्रिप्टमध्ये विखुरलेले असतील तर सगळे जेसन (साध्या मजकुरात डेटा ठेवणाऱ्या) फायलींत आणा. प्रत्येक नोंदीच्या आयडीपुढे मॉडचे नाव जोडा, म्हणजे दोन मॉडमधले 'धनुर्धर' एकमेकांवर आदळणार नाहीत. फायलीत फॉरमॅटचा आवृत्ती क्रमांकही हवा. एवढे झाले नाही, तर कोड खुला करूनही प्रत्येक मॉड म्हणजे कोडची वेगळी फुटलेली प्रत (फोर्क) होईल आणि दोन मॉड एकत्र चालणार नाहीत.

दुसरीबाजू
सुरक्षेचे बोलतो. गोडोत पीसीके फाइल (गेमचा कोड आणि डेटा यांचा गठ्ठा) लोड करणे सोपे, म्हणून बरेच जण तोच मॉड लोडर करतात. पण त्यातली जीडीस्क्रिप्ट (गोडोची प्रोग्रॅमिंग भाषा) गेमच्या सगळ्या अधिकारांनिशी चालते. बाहेरचा प्रोग्रॅमही सुरू करू शकते. जीडीस्क्रिप्टला सँडबॉक्स, म्हणजे कोडला बाहेर हात घालू न देणारे कुंपण, नाही. टीआरईएस (गोडोच्या डेटा) फायलीही निरुपद्रवी समजू नका, त्यांच्यात स्क्रिप्ट दडवता येते.

म्हणून अनोळखी लोकांकडून फक्त जेसन, पीएनजी (चित्रे) आणि ऑग (आवाज) घ्या. पीएनजी गोडोच्या नेहमीच्या लोड फंक्शनने उघडू नका. ते एडिटरने आधीच रूपांतरित (इम्पोर्ट) केलेली फाइल शोधते. एडिटरमध्ये चालते आणि एक्स्पोर्ट केलेल्या गेममध्ये चित्र गायब होते. इमेज क्लासने थेट फाइल वाचून टेक्स्चर बनवा.

नियमच बदलू द्यायचे असतील तर लुआ ही छोटी स्क्रिप्ट भाषा जोडा. तिच्यातल्या आयओ, ओएस, पॅकेज आणि डीबग या लायब्ररी काढून टाका, बाइटकोड (आधीच कंपाइल केलेला कोड) नाकारून फक्त मजकूर स्वीकारा आणि सूचनांच्या संख्येवर मर्यादा घाला. ती नसेल तर एक न संपणारा लूप अख्खा गेम गोठवतो.

उंबरठा
वरचे पटले, पण कोड खुला करायचा विषय बाजूला टाकू नका. एडिटर तुम्ही ठरवलेल्या चौकटीतच चालतो. पुढे नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर गेम बंद पडला तर सोर्सशिवाय तो कुणी दुरुस्त करणार नाही. लोकांनी पैसे मोजून घेतलेला गेम असा मरू देणे मला चूक वाटते.

अडते ते परक्या मालावर, म्हणजे दुसऱ्यांच्या मालकीच्या भागांवर. डूमच्या डॉस आवृत्तीची ध्वनी लायब्ररी इडची नव्हती, म्हणून लिनक्स आवृत्तीचा कोड द्यावा लागला. ईए या कंपनीने २०२५ मध्ये कमांड अँड काँकर जनरल्स या गेमचा कोड जीपीएल ३ खाली दिला, त्यातही आवाजाची माइल्स आणि व्हिडिओची बिंक या लायब्ररी नाहीत. त्या बदलल्याशिवाय तो बिल्ड होत नाही. तुमच्याकडे स्टीमवर्क्सचा (गेमला स्टीमशी जोडणारी बंद लायब्ररी) हाच प्रश्न येईल. तो भाग वेगळ्या प्लगिनमध्ये काढा आणि त्याच्याविना गेम सुरू होतो का, ते तपासा. विकत घेतलेले फॉन्ट आणि आवाज रेपोत (कोडच्या सामायिक साठ्यात) नकोत. जुन्या कमिटमध्ये (साठवलेल्या जुन्या बदलांत) गुप्त की राहिल्या असतील तर रेपो नवा करा आणि त्या कीही बदला.

पाटीपेन्सिल
ऑनलाइन सामने आहेत. कोड पाहून फसवणूक वाढेल ना?

उंबरठा
वाढेल, जर सर्व्हर क्लायंटवर विश्वास ठेवत असेल. डिसेंबर १९९९ मध्ये इडच्याच क्वेक या गेमचा कोड खुला झाल्यावर हाच त्रास झाला. टर्न-बेस्डमध्ये उपाय सोपा आहे: प्रत्येक चाल सर्व्हरवर तपासा आणि खेळाडूला दिसणाऱ्या चौकटींचाच डेटा पाठवा. न पाठवलेले चोरता येत नाही.

सह्यकडा
एक राहिले. जीपीएलखाली बाहेरच्यांचे पॅच (कोडमधले बदल) घेतलेत की त्या ओळींचा हक्क त्यांचा. कन्सोलच्या एसडीके (गेम बनवायची साधने) गोपनीय कराराखाली मिळतात आणि ते जीपीएलच्या अटींत बसत नाही, तेव्हा पुढे कन्सोल आवृत्ती काढायची तर प्रत्येकाची परवानगी मागत बसावे लागेल. पहिला पॅच स्वीकारण्याआधीच योगदानाचा करार रेपोत ठेवा.