मदत हवी आहे: समोरच्यांनी स्वतःच आर्बिट्रेटर (लवाद) नेमलाय, आता काय करू?

भोसरीत माझं छोटं फॅब्रिकेशन वर्कशॉप आहे, एका कंपनीकडे 18 लाखांची बिलं दीड वर्ष अडकलीत. करारात आर्बिट्रेशनचा क्लॉज आहे (वाद कोर्टाऐवजी लवादाकडे न्यायचा), सीट म्हणजे आर्बिट्रेशनचं कायदेशीर ठिकाण मुंबई. आर्बिट्रेशन कायद्याच्या कलम 21 ची, म्हणजे आर्बिट्रेशन सुरू करण्याची नोटीस मी पाठवली, तर त्यांनी मला न विचारता आपल्याच ओळखीच्या वकिलाला एकमेव आर्बिट्रेटर नेमलं, क्लॉजमध्ये तसा अधिकार त्यांनाच दिलाय. वादात हितसंबंध असलेल्याने एकट्याने एकमेव आर्बिट्रेटर नेमू नये, या सुप्रीम कोर्टाच्या 2019 च्या पर्किन्स ईस्टमन निकालानुसार हे चालत नाही ना? मी या नेमणुकीला लेखी संमती दिलेली नाही. माझी उद्यम (लघुउद्योगाची सरकारी) नोंदणी माल दिल्यानंतरची, त्यामुळे लघुउद्योगांच्या थकबाकीचे वाद बघणाऱ्या एमएसएमई कौन्सिलचा रस्ता बहुधा बंद. पहिली मीटिंग पुढच्या आठवड्यात आहे. तिथे जाऊन लेखी हरकत नोंदवू, की थेट हायकोर्टात कलम 11 चा, म्हणजे कोर्टानेच आर्बिट्रेटर नेमावा असा अर्ज करू? आणि नुसतं हजर राहिलो तर नेमणूक मान्य केली असं धरतात का?