जुनं घर 'रेट्रो' करायचं म्हणून त्यातलं जुनंच उपटून टाकायचं?

काटकोन

घराच्या नूतनीकरणाच्या चर्चांमध्ये हल्ली एक प्रकार वारंवार दिसतो. घर १९५०-६० च्या दशकातलं असतं आणि मालकांना ते 'रेट्रो' करायचं असतं. त्यासाठी पहिलं काम काय, तर मूळची मोझॅक फरशी फोडायची, लोखंडी चौकटींच्या खिडक्या भंगारात द्यायच्या, भिंतीतली कपाटं उचकटायची. मग त्याच घरात मोझॅकचा छाप मारलेल्या टाइल्स, निमुळत्या पायांचं नवं कपाट आणि सूर्यकिरणांसारख्या काड्यांचं घड्याळ येतं. मला हे अजिबात पटत नाही. अशा घरात काय आणायचं याच्या आधी काय काढायचं नाही याची यादी करावी, असं माझं ठाम मत आहे.

या शैलीमागच्या मॉडर्निस्ट, म्हणजे विसाव्या शतकातल्या आधुनिक वास्तुकलेच्या लोकांचा भर दिसण्यापेक्षा घर चालतं कसं यावर होता. उजेड कुठून येतो, माणूस कुठून कुठे जातो, वस्तू कशाची आणि कशी बनते, हे त्यांचे प्रश्न होते. डिझायनर मार्सेल ब्रॉयरने १९२५ च्या सुमारास बाउहाउस या जर्मन कला-डिझाइन शाळेत असताना पोलादी नळी वाकवून खुर्ची केली. तिचं रूप नळीच्या वाकण्यातून आलेलं आहे. तोच आकार प्लास्टिकमध्ये ओतून वर चंदेरी मुलामा दिला, तर हाती फक्त बाह्यरेषा उरते.

आता फरशीचंच घ्या. खरी मोझॅक म्हणजे सिमेंटमध्ये बसवलेल्या संगमरवराच्या चिपा. जागेवर ओतलेली असेल तर मधे पितळेच्या किंवा जस्ताच्या पट्ट्या असतात. त्या नुसत्या शोभेच्या नाहीत. सिमेंट आकसताना तडा कुठेही जाऊ नये, पट्टीपाशीच थांबावा, म्हणून त्या घालतात. वर्षानुवर्षांचं मेण, कार्पेटचा गोंद आणि मळ यांच्याखाली ती फरशी करडी, मेलेली दिसते आणि लोक तिला निकालात काढतात. प्रत्यक्षात मशीनला डायमंड पॅड लावून, पाणी मारत, आधी खरखरीत आणि मग बारीक असं ५०, १००, २००, ४००, ८०० नंबरच्या पॅडपर्यंत घासत गेलं की चिपांचे रंग एकेक करून वर येतात. ४०० च्या पुढे गेल्यावर खिडकीचं प्रतिबिंब दिसायला लागतं. निखळलेल्या जागी त्याच रंगाच्या आणि मापाच्या चिपा शोधून भरता येतात. शेवटी आत मुरणारं सीलर. एकच पथ्य: व्हिनेगर किंवा ॲसिडवालं क्लीनर कधी लावायचं नाही, संगमरवर त्यात विरघळतो आणि पॉलिश मरतं.

खिडक्यांचंही तेच. पोलादी चौकट अगदी बारीक असते. तिच्या जागी जाड चौकट बसवली की भोक तेवढंच राहतं, काच कमी होते आणि खोली अंधारते. मग लोक दिवे वाढवतात.

रंगपेटी

काटकोन, फरशीबद्दल छान लिहिलंत, पण मूळ भूमिकेला माझा विरोध आहे. ही अडवणूक वाटते मला. एक तर तुमचा नियम फक्त ज्यांना तसं घर मिळालं त्यांच्यासाठी आहे. बाकीच्यांची घरं अलीकडची, सपाट पांढऱ्या भिंतींची. त्यांत जपण्यासारखं जुनं काहीच नाही. त्यांनी या शैलीकडे बघायचंच नाही का?

दुसरं, छापील वस्तू म्हणजे जणू पाप, हे मॉडर्निस्टांच्याच डोक्यावर कशाला मारता? बाउहाउसने १९२९-३० मध्ये राश कंपनीबरोबर वॉलपेपर काढले आणि ते त्या संस्थेचं सगळ्यांत खपलेलं उत्पादन ठरलं. वास्तुकार ल कॉर्बुझिएने १९३१ मध्ये साल्युब्रा या वॉलपेपर कंपनीसाठी ४३ रंगांचा संग्रह केला. गुलाबी, गेरू, आकाशी, हिरवे, सगळे आहेत त्यात.

आणि नक्कल म्हणाल, तर वास्तुकार मीस फान डेर रोहचं बार्सिलोना पॅव्हिलियन, म्हणजे तिथल्या प्रदर्शनासाठीचा मंडप, बघा. १९२९ चं मूळ बांधकाम पुढच्याच वर्षी उतरवलं गेलं. आज लोक बघतात ते १९८६ मध्ये त्याच जागी पूर्ण केलेलं पुनर्बांधकाम. तिथल्या दगडासमोर उभं राहून कोणी तोंड वाकडं करत नाही. घरात राहणाऱ्याला आनंद होतोय ना, हा माझ्या लेखी पहिला निकष.

ओळंबा

दोघांच्याही आधी एक तातडीची गोष्ट. काटकोन यांनी गोंद घासून काढायचं सहज लिहून टाकलंय. थांबा! त्या काळातल्या विनाइल टाइल्समध्ये आणि त्यांच्याखालच्या काळ्या डांबरी गोंदात ॲस्बेस्टॉस हे घातक तंतूंचं खनिज असू शकतं. विशेषतः ९ इंच बाय ९ इंचाच्या जुन्या टाइल्स दिसल्या तर कान टवकारा. मोझॅकवर असा काळा थर असेल तर मशीन लावायच्या आधी नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. शाबूत टाइल जागेवर असेपर्यंत धोका कमी असतो. ती फोडली, घासली, पूड केली की ते तंतू हवेत जातात आणि फुप्फुसात बसतात. तसाच जुना रंग: दारं-खिडक्यांवरच्या थरांत शिसं असू शकतं. कोरड्या सॅंडपेपरने घासू नका, लहान मुलं असतील तर मुळीच नाही.

वायरिंगही बघा. रबराच्या आवरणाच्या वायरी तडकलेल्या असतात, अर्थिंग नसतं. ते जुने गोल स्विच फार सुंदर दिसतात, मलाही आवडतात, पण त्यांच्या मागचं सगळं बदलायलाच हवं. 'काय काढायचं नाही' या यादीच्या आधी 'काय ताबडतोब काढायचं' ही यादी येते.

खिडकीपाशी

पोलादी खिडक्यांवर प्रेम करणाऱ्यांनी त्यांच्याजवळ बसून एक हिवाळा आणि एक उन्हाळा काढून बघावा. एकेरी काच, पोलादातून सरळ आत येणारी थंडी, सकाळी चौकटीवरून ओघळणारं पाणी. उत्तम म्हणून गाजलेल्या घरांनाही हे चुकलेलं नाही. मीसचं फार्न्सवर्थ हाउस १९५१ मध्ये पूर्ण झालं, चारी बाजूंनी काच. उन्हाळ्यात ते तापायचं आणि थंडीत काचांवर पाणी जमायचं. ल कॉर्बुझिएने आखलेल्या पॅरिसजवळच्या व्हिला साव्वा या घराचं छप्पर गळत होतं आणि घरच्या बाईंनी ल कॉर्बुझिएला त्याबद्दल तक्रारीची पत्रं लिहिली. फोटोत हे दिसत नाही.

म्हणून खिडक्या फेका असं मात्र मी म्हणणार नाही. गंज खरवडून गंजरोधक प्रायमर, लोखंडी खिडकीला चालणारी लांबी (पुटी), उघडणाऱ्या झडपेला कडेने रबरी पट्टी आणि आतल्या बाजूने दुसरी पातळ काचेची चौकट. बाहेरून मूळ रूप तसंच राहतं. ऊन अडवायचं असेल तर ते काचेच्या बाहेर अडवा, छज्ज्याने किंवा उभ्या पट्ट्यांनी. ऊन एकदा काचेतून आत आलं की पडदा कितीही जाड असो, त्यातली बरीचशी उष्णता खोलीतच राहते.

काटकोन

ओळंबा, मुद्दा बिनतोड. कोणीही तपासणीशिवाय मशीन लावू नये, हे इथे ठळकपणे राहू दे.

रंगपेटी, वॉलपेपरला माझी हरकत नाही. तो कागद म्हणूनच भिंतीवर येतो. मोझॅक छापलेली टाइल मात्र दगड असल्याचा आव आणते. जमिनीवर बसून जरा बारकाईने बघा. तीच मोठी तांबडी चिप, तिच्या शेजारी तीच कोपरा तुटलेली काळी, काही टाइल्स सोडून पुन्हा तीच जोडी. एकदा नजरेला ते सापडलं की सुटत नाही.

रंगपेटी

बरं, मग तुम्ही ज्या १९६० च्या मूळ स्वयंपाकघरांसाठी भांडता, त्यांच्या कपाटांवर लाकडाच्या रेषांचं लॅमिनेट असतं त्याचं काय? तोही कागदावर छापलेलाच फोटो, वर रेझिन दाबलेलं. तेव्हा तो आव होता आणि आता साठ वर्षं झाली म्हणून खरा झाला? मग निकष खरेपणाचा नाही, वयाचा आहे, असं सरळ म्हणा.

उलट त्याच काळात बूमरँगच्या आकारांचं, ठिपक्यांचं, भडक पिवळं लॅमिनेट निघालं, ते मला जास्त प्रामाणिक वाटतं. कशाचीच नक्कल नाही ती. तसं नवीन लॅमिनेट आजच्या घरात लावलं तर ते रेट्रोही आहे आणि स्वतःच्या पायावर उभंही आहे.

सुतारपक्षी

लाकूडकाम हे माझं रोजचं काम, म्हणून फर्निचरपुरतं बोलतो. जुन्या साइडबोर्डवर रोझवुड किंवा टीकचं व्हेनिअर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, असतं आणि त्याची जाडी बहुतेकदा मिलिमीटरभरही नसते. लोक उत्साहाने सँडर फिरवतात. कडेला आधी फिकट पट्टा दिसतो. तो व्हेनिअर संपून खालचं लाकूड लागल्याचा, आणि त्यावर इलाज नाही. आधी कापूस आणि मिनरल स्पिरिटने मळ काढा, आत न दिसणाऱ्या जागी फिनिश तपासा. तेलाचं असेल तर पुन्हा तेल देऊन अर्धं काम होतं. फुगा आला असेल तर ब्लेडने रेषेच्या दिशेने चीर द्या, सिरिंजने गोंद सोडा आणि वर वजन ठेवा.

नकलेच्या वादात मी दोघांच्या मधे आहे. फर्निचर बनवणाऱ्या थोनेतची १८५९ ची १४ नंबरची खुर्ची घ्या. वाफेवर वाकवलेल्या लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्ट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटर खोक्यात मावत. ती लाखोंनी निघावी म्हणूनच तशी आखली होती. तिची चांगली प्रत घेण्यात काही वावगं नाही. याउलट चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी वास्तुकार पियेर जानरेच्या देखरेखीखाली झालेल्या सागवान आणि वेताच्या खुर्च्या पुढे भंगाराच्या ढिगात पडल्या आणि आज त्या परदेशातल्या लिलावांत विकल्या जातात. फेकायच्या आधी सांधे हलवून बघा एवढंच सांगेन. खिळे-स्क्रूचा असेल तर सोडा, खाचेचा सांधा असेल तर ते लाकूड अजून एक आयुष्य काढेल.

उंबरठा

सगळे वस्तूंवर बोलताहेत. मला मांडणीवर बोलायचंय, कारण 'मॉडर्निस्टांनी घर चालतं कसं याचा विचार केला' हे वाक्य मला अर्धंच खरं वाटतं. वास्तुकार मार्गारेटे श्यूटे-लिहोट्स्की यांनी १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं. साधारण १.९ बाय ३.४ मीटर. सरकता दिवा, घडीचा इस्त्रीचा फळा, धान्यासाठी ॲल्युमिनियमचे खण. अशी सुमारे १०,००० बसवली गेली. बाईची पायपीट कमी व्हावी हा हेतू खरोखर चांगला होता. पण त्यात एकच माणूस मावतो. दुसऱ्याने मदत करायची म्हटलं तर कोपर लागतं, मुलं बाहेर आणि काम करणारी आत एकटी.

अशा स्वयंपाकघराची भिंत 'मूळ आराखडा' म्हणून जपायची असेल तर माझा साफ नकार. पाडा. आणि ओटा असा करा की दोघं समोरासमोर उभं राहून काम करतील. हे त्या बाईंच्या विचाराच्या विरुद्ध आहे असंही मला वाटत नाही. पावलं मोजायची त्यांची पद्धत घ्या, फक्त मोजताना घरातली सगळी माणसं धरा.

दिवेलागण

दिव्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून एवढंच: टीक आणि मोझॅकवर ६५०० केल्विनचा पांढराफटक एलईडी लावला की सगळं राखाडी दिसतं. २७०० केल्विनचा पिवळसर घ्या, रंगदर्शक निर्देशांक (CRI, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचं माप) ९० च्या वर. छताच्या मधोमध एकच दिवा ठेवण्यापेक्षा खाली, वेगवेगळ्या उंचीवर तीन-चार लावा.

काटकोन

रंगपेटी, लॅमिनेटचा मुद्दा नेमका आहे, म्हणून निकष नीट मांडतो. वस्तू दुरुस्त होते का, हा माझा प्रश्न. मोझॅक पुन्हा पुन्हा घासता येते. छापील टाइलचा थर झिजला की संपली. त्या लाकडी रेषांच्या कपाटाचं दार सरळ असेल, बिजागरी फिरत असेल तर ते ठेवा. आतला भुसा-बोर्ड पाणी पिऊन फुगला असेल तर जाऊ द्या, त्यावर मी अश्रू ढाळणार नाही. आणि नवीन घरात तुमचं पिवळं लॅमिनेट जरूर लावा.

उंबरठा, भिंतीबाबत मात्र मला अडवावंसं वाटतं. बंद स्वयंपाकघरामुळे वास, धूर आणि मिक्सरचा आवाज बैठकीत येत नाही. सगळं एकत्र केलं की त्याच बैठकीत अभ्यास करणाऱ्याला कुठे जायचं?

उंबरठा

अभ्यास करणाऱ्याने दार लावावं, स्वयंपाक करणारीने का? भिंत पूर्ण पाडायची नसेल तर कमरेच्या वर सरकत्या काचा घ्या, धूर निघताना ओढायच्या, एरवी उघड्या. पण त्या उघडण्याचा अधिकार आत उभ्या असणाऱ्याचा.

ओळंबा

आणि ती भिंत भार घेणारी आहे की नुसती आडभिंत, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघितल्याशिवाय कमरेच्या वर काय नि खाली काय, कोणी छिन्नी लावू नये. टकटक करून पोकळ आवाज आला म्हणजे पाडायला मोकळी, असं नसतं. वरच्या मजल्यावर तिच्या रेषेत काय आहे तेही बघा. तिथे भिंत किंवा पाण्याची टाकी असेल तर आधी तुळईचा हिशोब करावा लागेल.