अलर्ट पुण्याचा नको, रायगडचा बघा
"पुण्याला पावसाचा यलो अलर्टच आहे, शनिवारी मुलांना घेऊन इमॅजिकाला जावं का?" असं विचारलंय तुम्ही. अहो, हे थीम पार्क खोपोलीजवळ, रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात. हवामान खात्याचा रायगडचा अलर्ट बघा. तिकडचा पाऊस पुण्यापेक्षा कितीतरी जास्त. रेड असेल (२४ तासांत साधारण २०४ मिमीच्या वर) तर सरळ तारीख बदला, बोरघाटात दरड आली की तासन्‌तास अडकाल. ऑरेंजला जायचंच असेल तर तारीख बदलून मिळते का, हे तिकीट काढण्याआधी विचारा. विजा, जोराचा वारा असला की रोलर कोस्टर थांबवतात. म्हणून आत शिरल्याशिरल्या उघड्यावरच्या राइड उरका, छताखालच्या मागे ठेवा. छत्री नकोच, घाटाखालच्या वाऱ्यात उलटते. रेनकोट घ्या, आणि मुलांना जीन्स घालू नका. भिजली की दिवसभर वाळत नाही, मांड्या घासून निघतात.