लांबच्या पॅसेजआधी सामान भरायचंय, नांगर नेमका कुठे टाकू?

खारावारा:
मंडळी, सल्ला हवाय. बोट १२ मीटरची, माणसं चार, पुढचा पॅसेज, म्हणजे मध्ये न थांबता करायचा समुद्रप्रवास, साधारण २० दिवसांचा धरलाय आणि निघायच्या आधी पाणी, डिझेल, किराणा, भाजी सगळं भरून घ्यायचंय. मरीनात, म्हणजे पैसे देऊन धक्क्याला बोट लावायच्या जागी, जायचं नाहीये, नांगरावरच राहणार. दोन जागा डोळ्यासमोर आहेत. एक शहराला अगदी लागून, दुकानं जवळ, पण बोटींची गर्दी आणि येणाऱ्याजाणाऱ्या फेरीबोटींमुळे सारखं डोलणं. दुसरी तिथून दोनेक तासांवरची खाडी, तळ वाळूचा, आडोसा मस्त, पण किनाऱ्यावर काही म्हणजे काही मिळत नाही. तुम्ही असं ठरवताना आधी काय बघता?

ओलीदोरी:
दुकान किती लांब हे मी सगळ्यात शेवटी बघते, आधी बघते डिंघी, म्हणजे किनाऱ्यावर जायची छोटी होडी, कुठे लावता येईल ते. हिशोब करा ना, पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज ४ लिटर धरलं तरी चौघांचं २० दिवसांचं ३२० लिटर होतं, वर निम्मं राखीव धरायलाच हवं म्हणजे ४८० लिटर. टाकी रिकामी असेल आणि धक्क्यावर बोट लावून नळीने पाणी घेता येत नसेल तर हे सगळं २० लिटरच्या कॅनमधून, म्हणजे २४ कॅन, प्रत्येक २० किलोचा, आधी डिंघीत आणि मग डिंघीतून वर डेकवर. दुकान एक किलोमीटर लांब असलं तर गाडी करता येते हो, पण ओहोटीला उतरायच्या जागी गुडघाभर चिखल झाला तर तिथे कुठली गाडी येणार? म्हणून पहिल्या दिवशी काही विकत घ्यायचं नाही, रिकाम्या हाताने ओहोटीच्या वेळी जाऊन यायचं, शिडीची खालची पायरी पाण्यापासून किती वर राहते, डिंघी बांधायला कडी आहे का, नळ कुठे आहे, सगळं बघून यायचं. आणि सामानाच्या फेऱ्या सकाळीच उरका, बऱ्याच किनाऱ्यांवर दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि भरलेल्या डिंघीत लाटा आत येतात, पिठाची पिशवी भिजली की गेली.

सातवाव:
ताईंचं पटतंच, पण सगळे किनाऱ्यावर गेल्यावर बोट एकटी असते हे विसरू नका. गर्दीच्या जागी लोक चेन कमी सोडतात कारण गोल फिरायला जागा नसते, आणि नांगर सरकतो तो तिथेच. खोली भरतीची धरायची, ओहोटीची नाही. समजा आत्ता ओहोटीला ६ मीटर आहे, भरती २ मीटर चढते, वर बोटीच्या नाकाची पाण्यापासून उंची १ मीटर, झाले ९, त्याच्या पाचपट म्हणजे ४५ मीटर चेन, आणि चेन थोडी नि बाकी दोर असेल तर सातपटीच्या खाली येऊ नका. मग इंजिन रिव्हर्समध्ये हळूहळू वाढवत न्यायचं आणि बाजूला किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून बघत राहायचं, झाड आणि मागचं घर असं काहीही चालतं, रेषा तुटली की नांगर सरकतोय. बोट जागेवरून हलली की वाजणारा फोनवरचा अलार्म लावाच पण तो फोन बोटीवर राहिलेल्या माणसाकडे हवा. शहराजवळ असाल तर एकाने मागे राहायचंच, त्याला वाटल्यास डिझेल गाळून भरायचं काम द्या. बोट नांगरावर आहे हे इतरांना कळायला दिवसा काळा गोळा आणि रात्री चारी बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा, फेरीबोटींच्या वाटेजवळ यात हयगय नको.

खारावारा:
म्हणजे शहराजवळ दोन दिवसात सामान भरायचं, मग शांत खाडीत जाऊन नीट लावायचं आणि तिथूनच निघायचं, असं केलं तर?

निळीपाटी:
थांबा, इथे कागदांचा घोळ होईल. पॅसेज दुसऱ्या देशात जाणारा असेल तर कस्टम्स आणि इमिग्रेशनचं निघायचं क्लिअरन्स, म्हणजे देश सोडायची परवानगी, बंदरातच मिळतं, आणि बऱ्याच देशांत ते घेतल्यावर ठरलेल्या मुदतीत निघावं लागतं, मध्येच दुसरीकडे नांगर टाकायची मुभा नसते. तर क्रम उलटा लावा. आधी शहर, तिथे जड आणि टिकाऊ सगळं, डिझेल, डबे, धान्य. मग खाडीत या, तिथे निवांत सामान लावा, बोटीखाली उतरून तळ आणि प्रॉपेलर खरवडून घ्या, वॉटरमेकर, म्हणजे समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र, असेल तर तोही इथेच चालवा, बंदरातल्या तेलकट पाण्याने त्याच्या मेंब्रेनची, म्हणजे गाळणाऱ्या पडद्याची, वाट लागते. शेवटी हवामान जुळलं की परत शहराजवळ एक रात्र, ताजी भाजी, क्लिअरन्स, आणि निघा. नियम मात्र तिथल्या ऑफिसात जाऊन विचारा, दुसऱ्या बोटवाल्याच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. अटलांटिक ओलांडणारे कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मास आणि केप व्हर्डेतल्या मिंडेलोला एवढे का थांबतात, तर बाजार, डिंघीची जागा आणि ऑफिस सगळं पायी उरकतं. तुमच्याकडे तसं नसेल तर असे दोन तुकडे करण्यात काहीच वावगं नाही.

ओलीदोरी:
हा क्रम बरोबर आहे. फक्त पुठ्ठ्याचं एकही खोकं बोटीवर चढवू नका, त्याच्या घड्यांमध्ये झुरळांची अंडी असू शकतात, सगळं धक्क्यावरच सोडून पिशव्यांमध्ये घ्या. भाजी फ्रीजमध्ये न ठेवलेली मागा, एकदा गार झालेली बाहेर काढली की घाम सुटून लवकर सडते. अंडीसुद्धा न धुतलेली, फ्रीज न बघितलेली घ्या. कांदे आणि बटाटे वेगवेगळ्या जाळ्यांत, वारा लागेल असे, आणि कोबीचं वरचं पान काढू नका.

खारावारा:
ठरलं मग. उद्या ओहोटी सकाळी ९ च्या सुमाराला आहे, तेव्हा डिंघी घेऊन नुसती धक्क्याची शिडी आणि नळ बघून येतो, नळाला नळी लागते का ते पण विचारतो आणि इथे लिहितो.