सल्ला हवा: शेवटच्या तिमाहीतली कंबरदुखी, जांघेतली कळ, पोटरीत गोळे

गवतफुला:
वहिनीसाठी विचारते आहे. पहिली खेप, 33वा आठवडा, शाळेत शिकवते, म्हणजे रोज चार-पाच तास उभं राहणं आलंच. कंबर दुखते, रात्री कूस बदलताना जांघेत कळ येते, पहाटे पोटरीत गोळा येतो. बीपी, शुगर, हिमोग्लोबिन ठीक आहे. डॉक्टर म्हणाल्या, शेवटी शेवटी असं होतंच. होतं हे मान्य, पण उरलेले आठवडे काढायचे कसे? घरातल्या मोठ्यांचं म्हणणं, उकिडवं बसून लादी पुसावी, बाळंतपण सोपं जातं. मैत्रिणी म्हणतात, बेल्ट लाव आणि पडून राहा. बेल्ट घ्यावा का, उशा कशा लावाव्यात, व्यायाम कोणते, नेमकं सांगाल का?

फिजिओ_डोंबिवली:
आधी त्यांना दुखतं तिथे एक बोट ठेवून दाखवायला सांगा. 'कंबर दुखते' या दोन शब्दांत किमान दोन वेगळी दुखणी असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला वाढवतो.

बोट सलवारीच्या नाडीच्या वर, मणक्याच्या दोन्ही अंगांना गेलं तर तो स्नायूंचा ताण. पोट पुढे आलं की तोल सावरायला कमरेची कमान वाढते आणि पाठीचे स्नायू दिवसभर आवळलेले राहतात. बोट नितंबावरच्या खळीशी किंवा पुढे जघनाच्या हाडावर, म्हणजे ओटीपोटाच्या अगदी खाली मधोमध लागणाऱ्या हाडावर गेलं, तर दुखणं ओटीपोटाच्या हाडांच्या सांध्यांचं आहे. गरोदरपणात हे सांधे सैलावतात. दोन्ही पायांवर सारखा भार असेपर्यंत निभतं, एका पायावर आला की सांधा खेचला जातो. जिना, रिक्षात चढणं, सलवार घालणं, कूस बदलणं, या सगळ्यात कळ येते ती म्हणूनच. तुमच्या वर्णनावरून मला हे दुसरं वाटतं.

तसं असेल तर कूस बदलण्याची रीत आजच बदला. दोन्ही गुडघे वाकवून एकमेकांना चिकटवा, मध्ये लहान उशी दाबून धरा. श्वास सोडत खांदे, कंबर, गुडघे एकदम वळवा, ओंडका लोटावा तसे. चुकतं ते इथे: वरचा पाय आधी टाकला जातो, कंबर मागून येते आणि नेमका त्या क्षणी सांधा पिळवटतो. कमरेखाली सॅटिनचा किंवा जुन्या रेशमी साडीचा तुकडा अंथरला तर अंग सरकतं, जोर लागत नाही. उठताना आधी कुशीवर, मग दोन्ही पाय जोडून पलंगाखाली आणि हाताच्या रेट्याने वर. पाठीवरून सरळ उठून बसायचं नाही.

सलवार, चपला बसून घाला. जिन्यावर कठडा धरून एकेक पायरी: चढताना कमी दुखणारा पाय आधी, उतरताना जास्त दुखणारा आधी. रिक्षात, गाडीत आधी पाठमोरं होऊन सीटवर टेकायचं, मग गुडघे जोडून दोन्ही पाय आत.

उकिडवं बसून लादी पुसणं या दुखण्यात बंदच. पाय फाकवून पुढे सरकत राहणं म्हणजे सैल सांध्याला दर फरशीला हिसका. मोठ्यांचा हेतू हालचाल राहावी हा आहे, तो सपाट रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं, लहान पावलांनी चालून साधतो. पडून राहणंही नको, स्नायू ढिले पडले की सांध्यांना आधार उरत नाही.

बेल्ट दोन तऱ्हेचे मिळतात. पोटाला खालून उचलून धरणारा रुंद पट्टा पाठीच्या ताणाला बरा. सांध्यांच्या दुखण्याला अरुंद पट्टा लागतो आणि तो पोटावर नसतो: खुब्याच्या बाहेर हाताला जे टणक हाड लागतं, त्या पातळीवर पोटाच्या खालून बांधायचा. आत बोटं सरकतील इतकाच आवळा. चालताना, उभं राहताना दोन-तीन तास लावून काढा, झोपताना नको. मांडीला मुंग्या आल्या तर जागा चुकली आहे. दुकानात बरेचदा कंबरदुखीचा कडक पट्टा हातात देतात, तो घेऊ नका.

योगवर्ग_सातारा:
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. बद्धकोनासन, म्हणजे फुलपाखरू, आठव्या महिन्यात सरसकट सांगितलं जातं. जघनाच्या हाडावर दुखत असेल तर ते आणि मलासन, म्हणजे उकिडवं बसणं, दोन्ही सोडा. त्याऐवजी मार्जारासन: मांजरासारखं हात-गुडघ्यांवर या, गुडघे कमरेच्या रुंदीइतके, श्वास सोडत पाठ वर गोल करा, श्वास घेत सपाट करा. सपाटच, खाली झोळ नको, पोटाच्या वजनाने कंबर आणखी खचते. सावकाश दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मनगट दुखत असेल तर पलंगावर कोपर टेकून करा. दुसरं, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, टाचा वीतभर पुढे, गुडघे किंचित सैल. कमरेमागची पोकळी भिंतीला दाबायची, पाच सेकंद, दहा वेळा. श्वास कोंडायचा नाही. हे शाळेत मधल्या सुट्टीतही होतं.

निळी_जास्वंद (प्रसूती विभागात परिचारिका):
झोपेचं सांगते. 28व्या आठवड्यानंतर कुशीवरच झोपी जायचं, डावी किंवा उजवी दोन्ही चालतात. उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो. मध्येच जाग आली आणि पाठीवर असाल तर घाबरू नका, पुन्हा कुशीवर वळा. उशी फक्त गुडघ्यांत नाही, घोट्यांपर्यंत लांब हवी, नाहीतर पाऊल खाली लोंबतं आणि खुबा पिळतो. लोड किंवा घट्ट गुंडाळलेली गोधडी उत्तम. पोटाखाली पातळ उशी किंवा घडी केलेला टॉवेल, पाठीमागे एक तक्क्या.

गोळा आला की बोटं ताणून लांब करायची नाहीत, तो अधिक आवळतो. गुडघा सरळ, टाच पुढे, बोटं नडगीकडे ओढा. पोटामुळे हात पोचत नाही, म्हणून उशाशी ओढणी ठेवा. चवड्याला अडकवून ओढता येते. झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून मागच्या पायाची टाच जमिनीवर दाबून धरा, तीस सेकंद, प्रत्येक पायाला तीनदा. एकाच पोटरीला सूज, लाली असेल किंवा ती हाताला गरम लागत असेल तर चोळू नका, त्याच दिवशी दाखवा. रक्ताची गुठळी असू शकते.

कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतीलच. सरकारी कार्यक्रमात 14व्या आठवड्यापासून 500 मिलिग्रॅमच्या रोज दोन आहेत. त्या जेवणासोबत, पण लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही. लोहाच्या गोळीवर लगेच चहा नको.

गुळवेल:
औषधांच्या दुकानातून परस्पर काही घेऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक 20व्या आठवड्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम करतात, गर्भजल कमी होऊ शकतं. शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी आकसण्याचा धोका असतो. जेल आणि स्प्रेमध्येही डायक्लोफिनॅक असतं, हे लोक विसरतात. बामवर मिथाइल सॅलिसिलेट लिहिलं असेल तर तोही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अगदी सहन झालं नाही तर पॅरासिटामॉल, तेही त्यांना विचारून, कमीत कमी दिवस.

पाटी_पेन्सिल:
शाळेसाठी: सामाजिक सुरक्षा संहिता, 2020चं कलम 59 बघा (नोव्हेंबर 2025पर्यंत हेच 1961च्या मातृत्व लाभ कायद्याच्या कलम 4मध्ये होतं). प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या सहा आठवड्यांपूर्वीचा एक महिना आणि त्या सहा आठवड्यांत रजा न घेतलेले दिवस, या काळात बाईने मागणी केली तर खूप वेळ उभं राहण्याचं काम देता येत नाही. 33वा आठवडा त्यात बसतो. लेखी अर्ज द्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. वर्ग तळमजल्यावर आणि टेबलापाशी पाठीची खुर्ची, एवढं तरी आधी मागा.

गवतफुला:
खूप आभार. बोट पुढे जघनाच्या हाडावर गेलं, आणि उजव्या नितंबाच्या खळीशी. पाठीला गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं तर चालेल का? आणि उभ्या उभ्या एक पाय पाटावर ठेवायला कुणी सांगितलंय.

फिजिओ_डोंबिवली:
पाय पाटावर ठेवणं पाठीच्या ताणाला छान, पण वहिनींना नको, सगळा भार एका पायावर जातो. शेक चालेल: पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून, कोमट, दहा-पंधरा मिनिटं, फक्त पाठीला आणि नितंबाला. पोटावर नाही, तिच्यावर झोपून नाही.

निळी_जास्वंद:
शेक देण्याआधी एक बघा. कंबरदुखी ठरावीक वेळाने येते-जाते आहे का, सोबत पोट दगडासारखं घट्ट होतं का? 37 आठवड्यांच्या आत असं झालं तर शेकत बसू नका, दवाखान्यात निघा. बाळाची हालचाल कमी वाटली, पाणी गेलं, रक्त दिसलं, तोंडावर-हातांवर अचानक सूज येऊन डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे चमकलं किंवा बरगड्यांखाली दुखलं, तर बीपी कालपर्यंत ठीक होतं म्हणून थांबायचं नाही. तळहात-तळपायांना पुरळ नसताना रात्री खाज सुटली तर यकृताची आणि पित्ताम्लांची रक्ततपासणी मागून घ्या. दवाखान्याचा रात्रीचा नंबर फ्रिजवर लावून ठेवा.