भरपाई मिळाली म्हणजे न्याय झाला का?

डॅलसची_वैनी
आमच्या शेजारच्या बाई अमेरिकन लष्करात होत्या. कुठल्या दलात ते राहू दे. १९८८ साली वरिष्ठाने बलात्कार केला. तक्रार कोणाकडे करणार? ज्याच्याकडे करायची तो त्याचाच दोस्त. तीसेक वर्षांनी व्हीएकडे, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याकडे, दावा लावला. मंजूर झाला, दरमहा पैसे येतात. बाई म्हणतात, "त्याला मात्र कोणी काही विचारलंच नाही."

टेक्सासच्या फोर्ट हूड लष्करी तळावरची सैनिक व्हेनेसा गियेन. लैंगिक छळ होतोय असं तिने घरच्यांना सांगितलं होतं. २०२० मध्ये तिचा खून झाला, त्यानंतर कायदा बदलला. डिसेंबर २०२३ पासून अशा गुन्ह्यांत खटला भरायचा की नाही हे कमांडर ठरवत नाही, स्वतंत्र लष्करी वकील ठरवतात. पण हे मुख्यतः नव्या गुन्ह्यांसाठी. जुन्यांची सरकारने पैशावर बोळवण केली, असं माझं स्पष्ट मत.

निवृत्त_सुभेदार
वैनी, राग समजतो. पण तीस वर्षांनी साक्षीदार कुठून आणायचे? मी आपल्या फौजेत २४ वर्षं काढली. पलटण सीओच्या, म्हणजे कमांडिंग ऑफिसरच्या, शब्दावर चालते, त्याच्या हातातून खटला काढला की जवान त्याला जुमानणार नाही. अमेरिकन सिनेटर गिलिब्रँड यांचं, कमांडरच्या हातातून खटले काढून घ्या म्हणणारं विधेयक २०१४ मध्ये ५५ मतं मिळूनही अडलं, ६० लागत होती. विरोधात पुढे होत्या क्लेअर मॅकास्किल, स्वतः सरकारी वकील राहिलेल्या. आणि तक्रारीची नोंदच नसताना व्हीए पैसे देते, हेही मला पटत नाही.

कोर्टकचेरी
सुभेदारसाहेब, नोंद नाही म्हणजे पुरावा नाही असं नव्हे. अचानक बदलीचा अर्ज, चांगले शेरे एकदम घसरणं, त्या दिवसांतली गर्भचाचणी, घरी लिहिलेली पत्रं, हे सगळं बघतात. खिरापत तर मुळीच नाही. २०१८ मध्ये व्हीएच्याच महानिरीक्षकांनी तपासलं तेव्हा फेटाळलेल्या दाव्यांपैकी जवळजवळ निम्मे नियमाप्रमाणे हाताळलेच नव्हते!

वैनी, तुमचंही पूर्ण बरोबर नाही. डिसेंबर २०२० च्या ब्रिग्स खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १९८६ ते २००६ मधल्या लष्करी बलात्कारांवर कितीही वर्षांनी खटला भरता येतो, मुदतीची अट नाही. अडचण वेगळीच आहे. आरोपी मध्येच नोकरी सोडून साधा नागरिक झाला असेल तर कोर्ट मार्शल होत नाही. पूर्ण नोकरी करून पेन्शन घेत असेल तर होऊ शकतं. सरकारवर नुकसानभरपाईचा दावा लावायचा म्हटलं तर १९५० चा फेरेस निकाल आडवा येतो: नोकरीत झालेल्या इजेसाठी सैनिकाला सरकारवर दावा लावता येत नाही.

पुणेरी_बोस्टन
सगळे 'बाई' धरूनच बोलताय. नोकरीत लैंगिक अत्याचार किंवा छळ झाला का, असं व्हीए माजी सैनिकांना विचारते तेव्हा तीनांतली एक स्त्री 'हो' म्हणते, पुरुष पन्नासांतला एक. पण सैन्यात पुरुषच इतके की तो आकडा काही छोटा राहत नाही. आमच्या ऑफिसात एक माजी सैनिक आहे. व्हीएकडे यावरचे उपचार फुकट, त्यासाठी तक्रार किंवा मंजूर दावा लागत नाही, म्हणून जातो. दाव्याचं नाव काढत नाही. म्हणतो, रात्री झोप लागली तरी पुष्कळ. त्याला न्याय मागायला लावणारे आपण कोण?

निवृत्त_सुभेदार
पत्रांचं आणि शेऱ्यांचं माहीत नव्हतं. तेवढं मागे घेतो. सीओचं नाही.

डॅलसची_वैनी
@कोर्टकचेरी, तो माणूस पेन्शनवर आहे, बाईंनीच सांगितलंय. ब्रिग्सचं त्यांना बहुधा ठाऊक नाही. आता कुठे त्या सकाळी फिरायला बाहेर पडायला लागल्यात. सांगू का?